‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’: वाचण्याआधी आणि वाचून झाल्यावर पडणारे प्रश्न

स्वीडिश लेखक स्टीग लार्सनची ही कादंबरी मी बऱ्याच जणांना वाचायला दिली आहे. काहींनी रात्र जागून संपवली, काहींनी अर्ध्यावर मिटून परत आणून दिली. प्रश्न मात्र दोघांचेही साधारण तेच असतात. ते इथे एकत्र करून, मला जे वाटतं ते सांगते आहे. शेवट फोडणारा प्रश्न सर्वांत खाली ठेवला आहे आणि तिथे तशी सूचनाही आहे.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

मिकाएल ब्लूमक्विस्ट हा स्टॉकहोममधल्या ‘मिलेनियम’ नावाच्या मासिकाचा पत्रकार. व्हेनरस्ट्रॉम नावाच्या बड्या धनाढ्याविरुद्ध त्याने छापलेला मजकूर कोर्टात टिकत नाही आणि अब्रुनुकसानीबद्दल त्याला तीन महिन्यांची कैद होते. नाव जातं, मासिक अडचणीत येतं. अशा वेळी हेन्रिक वँगर हा म्हातारा उद्योगपती त्याला उत्तरेकडच्या हेडेस्टाड या काल्पनिक गावाजवळच्या एका बेटावर बोलावतो. हेन्रिकच्या भावाची नात हॅरिएट 1966 मध्ये, सोळा वर्षांची असताना, या बेटावरून नाहीशी झाली. त्या दिवशी पुलावर अपघात झाल्यामुळे बेटावर येण्याजाण्याचा रस्ता बंद होता. प्रेत कधीच सापडलं नाही. आणि तरीही दरवर्षी हेन्रिकच्या वाढदिवसाला एक वाळवलेलं, चौकटीत बसवलेलं फूल टपालाने येतं. हॅरिएट लहानपणी त्याला अशीच फुलं भेट द्यायची.

दुसरीकडे लिस्बेथ सलँडर आहे. वय चोवीस, अंगकाठी एखाद्या शाळकरी मुलीची, एका खासगी सुरक्षा कंपनीसाठी लोकांची माहिती काढून देणारी. संगणकात शिरण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने मात्र ती स्वतःचे व्यवहार स्वतः पाहायला नालायक आहे. हे दोघे भेटतात ते जवळजवळ अर्धी कादंबरी उलटून गेल्यावर.

सुरुवात फार रेंगाळते. सगळे म्हणतात खाली ठेवता येत नाही, मला तर उचलवत नाही.

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि ती खरी आहे. सुरुवातीला शेअर, कंपन्या, सरकारी अनुदानाचा गैरव्यवहार असं पानोपानी येतं. लार्सन आयुष्यभर बातमीदारीच्या जगात वावरला, त्यामुळे एखादा व्यवहार कसा झाला हे पूर्ण सांगितल्याशिवाय त्याच्याने पुढे जाववत नाही. आपण बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर वाढलेली माणसं, आपल्याला पहिल्या पानावर प्रेत हवं असतं. इथे प्रेतही नाही आणि घाईही नाही.

माझा सल्ला एवढाच: व्हेनरस्ट्रॉम प्रकरणातले सगळे बारकावे कळले नाहीत तरी चालेल. ब्लूमक्विस्ट बेटावर पोचून त्या थंडगार पाहुणेघरात लाकडं पेटवायला लागला की कादंबरी हळूहळू पकड घेते. पण तो भाग वगळू नका. पैशाच्या जोरावर वाटेल ते करून सुटणारा माणूस आणि घराच्या आत बाईवर वाटेल ते करून सुटणारा माणूस, यांना लार्सन शेजारी शेजारी बसवतो आहे. सुरुवातीची ती कंटाळवाणी पानं त्यासाठीच आहेत.

वँगर घराण्यातली एवढी नावं लक्षात कशी ठेवायची?

बहुतेक आवृत्त्यांत वंशावळ छापलेली असते, तिथे खूण घालून ठेवा. नसेल तर एका कागदावर हेन्रिकचे भाऊ आणि त्यांची मुलं एवढंच लिहून घ्या. बाकीचे येतात आणि जातात.

अत्याचाराचे प्रसंग किती भयानक आहेत? मला झेपतील का?

स्पष्टच सांगते, कारण हे आधी कळायला हवं. लिस्बेथवर तिचा कायदेशीर पालक लैंगिक अत्याचार करतो. एकदा ऑफिसात, आणि नंतर त्याच्या घरी त्याहून कितीतरी क्रूरपणे. त्यानंतर ती जो सूड घेते तोही तपशीलवार आहे. पुढे तपासात जुन्या खुनांची वर्णनं येतात, ती बायबलच्या जुन्या करारातल्या शिक्षांशी जोडलेली आणि अंगावर काटा आणणारी आहेत. घरातल्या लैंगिक शोषणाचे उल्लेख आहेत. एका मांजराचा जीव जातो, तोही वाईट पद्धतीने.

यातलं काही तुम्ही स्वतः सोसलं असेल तर हे पुस्तक वाचलंच पाहिजे असं मुळीच नाही. वाचायचंच असेल तर पालकाच्या घरातला प्रसंग ओलांडून पुढे जा. ती दारातून आत गेली एवढं कळलं तरी पुढची कथा अडत नाही. मला ओळखणाऱ्या एका बाईंनी तसंच केलं आणि कादंबरी त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचली.

पण ते प्रसंग गरजेचे होते का? पुरुष लेखकाने चवीने लिहिलेत असं वाटलं.

यावर मी बराच विचार केला आहे, आणि माझं मत असं आहे की पालकाच्या ऑफिसातला पहिला प्रसंग हा या पूर्ण कादंबरीचा पाया आहे. तो जवळून पाहू.

लिस्बेथचे पहिले पालक, पाल्मग्रेन, हे सज्जन गृहस्थ. त्यांनी तिचे पैसे तिच्या ताब्यात दिलेले असतात. त्यांना पक्षाघाताचा झटका येतो आणि ब्युरमन नावाचा वकील त्यांच्या जागी येतो. तो पहिली गोष्ट करतो ती तिच्या बँक खात्यावर ताबा मिळवण्याची. खातं तिचं, कमाई तिची, सही त्याची. मग एक दिवस तिचा लॅपटॉप मोडतो. नवा घ्यायचा तर तिचेच पैसे तिला त्याच्याकडे मागावे लागतात. ती ऑफिसात जाते. तो आधी कामाचे प्रश्न विचारतो, मग खासगी, मग अंगचटीला येणारे. प्रत्येक प्रश्न जणू फॉर्मवरचा रकाना भरत असल्यासारखा. उत्तर दिलं नाही तर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारला जाईल हे तिला ठाऊक आहे. शेवटी तो जे करायला लावतो, त्यानंतर तो चेक लिहून देतो.

या प्रसंगात रक्त नाही, आरडाओरडा नाही. टेबल आहे, फाइल आहे, चेकबुक आहे. मला सगळ्यात जास्त भीती इथे वाटली. कारण ब्युरमनला जे बळ मिळालं आहे ते अंधाऱ्या गल्लीत मिळालेलं नाही, न्यायालयाने नेमणुकीच्या कागदावर दिलेलं आहे. ती तक्रार करायला गेली तर एका बाजूला प्रतिष्ठित वकील असेल आणि दुसऱ्या बाजूला सरकारी दप्तरात ‘अस्थिर’, ‘हिंसक’ असे शेरे असलेली मुलगी. कोणावर विश्वास ठेवला जाईल हे दोघांनाही माहीत आहे. लिस्बेथ पोलिसांकडे जात नाही याचं अनेक वाचकांना नवल वाटतं. मला तिने केलेला हिशेब अगदी बरोबर वाटला.

दुसऱ्या प्रसंगाबद्दल मात्र आक्षेप घेणाऱ्यांशी मी काही अंशी सहमत आहे. तिथे लार्सन दोन वाक्यांत थांबू शकला असता. सूडाच्या प्रसंगात वाचकाला समाधान मिळावं अशी त्याची योजना आहे, आणि ते मिळतंही. ते समाधान जितकं मोठं, तितकं आधीचं दुःख मोठं दाखवावं लागतं. ही थरारक कादंबरीची गरज आहे, लिस्बेथची नाही.

सज्ञान, कमावत्या मुलीला पालक? असा कायदा स्वीडनमध्ये खरंच आहे?

आहे. तिथे 1989 पर्यंत सज्ञान माणसाला न्यायालय कायद्याने अक्षम ठरवू शकत असे. ती पद्धत रद्द झाली आणि त्याजागी, आजारपण किंवा मानसिक अवस्थेमुळे स्वतःचे व्यवहार सांभाळता न येणाऱ्या माणसासाठी पालक नेमण्याची सोय आली. मूळ हेतू संरक्षणाचाच. नेमलेल्या पालकावर स्थानिक पातळीवर देखरेखही असते. लार्सन दाखवतो ती त्या व्यवस्थेतली फट: देखरेख करणारा फक्त हिशेब आणि अहवाल पाहतो, आणि अहवाल लिहिणारा पालकच असतो.

याच्या मागे स्वीडनचा आणखी एक इतिहास उभा आहे, जो कादंबरी वाचताना माहीत असलेला बरा. 1930 च्या दशकात आलेल्या कायद्यांखाली, 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंत, तिथे सुमारे 63,000 लोकांची नसबंदी झाली. त्यात बहुसंख्य बायका होत्या आणि त्यातल्या अनेकींची संमती नावापुरती होती. ‘मंदबुद्धी’, ‘वागणूक ठीक नाही’ अशी कारणं कागदावर लिहिलेली असत. 1997 मध्ये ‘दागेन्स न्यूहेतर’ या वर्तमानपत्राने हा विषय लावून धरला, देशभर खळबळ उडाली आणि 1999 मध्ये सरकारने नुकसानभरपाईचा कायदा केला. हे सगळं कल्याणकारी राज्याच्या भरभराटीच्या काळात, डॉक्टर आणि अधिकाऱ्यांच्या सह्यांनी घडलं होतं. लिस्बेथची फाइल याच मातीतून आली आहे.

स्वीडन म्हणजे स्त्री-पुरुष समानतेचा आदर्श देश. मग हे चित्र अतिरंजित नाही का?

एकाच माणसाच्या हातून इतके खून, ही रहस्यकथेची अतिशयोक्ती म्हणा हवं तर. पण लार्सनने कादंबरीच्या चार भागांच्या तोंडावर एकेक आकडा छापला आहे, तो वाचून पुढे जा. पहिल्या भागाआधी तो सांगतो की स्वीडनमधल्या 18 टक्के बायकांना कधी ना कधी एखाद्या पुरुषाने धमकावलं आहे. दुसऱ्याआधी सांगतो की 46 टक्के बायकांनी पुरुषाकडून हिंसा सोसली आहे. मूळ स्वीडिश शीर्षकही ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’ असंच सरळ आहे.

तिथले कायदे पुढारलेले आहेत हे खरंच. लग्नांतर्गत बलात्कार स्वीडनमध्ये 1965 पासून गुन्हा आहे, आपल्या नव्या न्याय संहितेतही नवऱ्याला ती सूट अजून आहे. 2018 पासून तिथे संमती नसणं एवढंच बलात्काराचा गुन्हा ठरायला पुरेसं आहे. पण कायदा पुढे आणि फाइल हाताळणारा माणूस मागे, हे तिथेही घडतं असं लार्सनचं म्हणणं. आपल्याकडच्या वाचकाला ते समजायला वेळ लागू नये. 1972 साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या अत्याचाराचा खटला सर्वोच्च न्यायालयात आरोपींच्या सुटकेने संपला. अंगावर जखमा नाहीत म्हणजे विरोध केला नसावा, असा तो तर्क होता. चार कायदेतज्ज्ञांच्या खुल्या पत्राने आणि स्त्रियांच्या आंदोलनाने 1983 मध्ये कायदा बदलला. हा मथुरा खटला ज्यांना माहीत आहे त्यांना लिस्बेथचं गप्प राहणं परकं वाटणार नाही.

राहिला ‘आदर्श देशा’चा मुद्दा. स्वीडनमधली रहस्यकथा ही फार आधीपासून त्या आदर्शालाच प्रश्न विचारत आली आहे. माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने 1965 ते 1975 या दहा वर्षांत दहा पोलिसी कादंबऱ्या लिहिल्या, त्या उघडपणे कल्याणकारी राज्याची झाडाझडती घेण्यासाठीच. मग 28 फेब्रुवारी 1986 च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा पाहून बायकोबरोबर पायी घरी निघाले होते, शरीररक्षक सोबत नव्हते, आणि भर रस्त्यात त्यांना गोळी घातली गेली. त्या खुनाबद्दल शिक्षा भोगलेला माणूस आजवर एकही नाही. ज्या समाजाच्या डोक्यावर असा न सुटलेला खून आहे, तिथल्या रहस्यकथांत अंधार का आहे हे वेगळं विचारायला नको.

वँगर घराण्यात नाझी कशाला घुसवले? उगाच मसाला वाटला.

मला तो भाग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण लार्सनचं आयुष्य त्यातच गेलं. स्वीडन दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, पण जर्मनीला लोहखनिज पुरवत होता, आणि 1941 मध्ये जर्मन सैन्याची एक तुकडी स्वीडनच्या भूमीवरून नॉर्वेहून फिनलंडला जाऊ दिली गेली. तिथे स्वदेशी नाझी पक्ष होते. उप्साला इथे 1922 पासून वंशशुद्धीचा ‘अभ्यास’ करणारी सरकारी संस्था होती. युद्ध संपल्यावर ही मंडळी हवेत विरली नाहीत, प्रतिष्ठित घरांच्या दिवाणखान्यांत बसून राहिली.

लार्सनने 1995 मध्ये ‘एक्स्पो’ या वर्णद्वेषविरोधी संस्थेच्या आणि मासिकाच्या स्थापनेत भाग घेतला. नवनाझी गटांची माहिती गोळा करून छापणं हे तिचं काम. तो काळ शब्दशः जिवावर बेतणारा होता. 1999 च्या ऑक्टोबरमध्ये ब्योर्न सॉडरबेरी या कामगार संघटनेतल्या कार्यकर्त्याने आपल्या कामाच्या ठिकाणच्या एका संघटनेच्या समितीत शिरलेला नवनाझी उघड केला, आणि त्याला स्टॉकहोममध्ये त्याच्या घरी गोळ्या घातल्या गेल्या. लार्सनलाही धमक्या येत होत्या. कादंबरीतल्या ‘मिलेनियम’च्या छोट्याशा कचेरीत जी पैशाची चणचण आणि जी जिद्द आहे, ती त्याने रोज पाहिलेली होती.

लेखकाने म्हणे पुस्तक छापलेलं पाहिलंच नाही?

नाही पाहिलं. 9 नोव्हेंबर 2004 ला ऑफिसच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती, तो सात मजले चढून गेला आणि हृदयविकाराच्या झटक्याने गेला. वय पन्नास. तीन कादंबऱ्या लिहून प्रकाशकाकडे दिलेल्या होत्या. पहिली स्वीडनमध्ये 2005 मध्ये आली, पुढच्या दोन 2006 आणि 2007 मध्ये. इंग्रजीत पहिली 2008 साली आली आणि तिथून ती जगभर गेली. मालिकेच्या आठ कोटींहून अधिक प्रती खपल्या.

त्यातला पैसा एवा गाब्रिएलसनला वारसाहक्काने मिळाला नाही. ती त्याच्याबरोबर तीस वर्षांहून अधिक काळ राहिली, पण लग्न केलेलं नव्हतं, आणि स्वीडिश कायद्यात मृत्युपत्र नसेल तर सोबत राहणाऱ्या जोडीदाराला वारसाहक्क मिळत नाही. 1977 चं एक मृत्युपत्र निघालं, पण त्यावर साक्षीदारांच्या सह्या नव्हत्या. सगळं वडील आणि भावाकडे गेलं. कागद नसला की बाईच्या वाट्याला काय येतं यावरच ज्याने लिहिलं, त्याच्या घरी हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं.

लिस्बेथला ऑटिझम आहे का?

ब्लूमक्विस्टच्या मनात एकदा तशी शंका येऊन जाते, पण कादंबरी निदान करत नाही. आणि करू नये असंच मला वाटतं. तिच्या आयुष्यात निदान करणाऱ्यांनीच सगळ्यात जास्त नासधूस केली आहे. लार्सनने सांगितलेला उगम वेगळाच आहे: बालसाहित्यकार आस्त्रिद लिंडग्रेनची पिप्पी मोठी झाली तर कशी होईल, हा प्रश्न. पिप्पी म्हणजे स्वीडनच्या घराघरातली, एकटी राहणारी, घोडा उचलणारी, कोणाचं न ऐकणारी मुलगी. लहानपणी सगळ्यांना लाडकी वाटणारी ही मुलगी पंचविशीत आली की समाज तिला फाइलमध्ये कोंबतो. ब्लूमक्विस्टला सगळे ‘काल्ले’ म्हणून चिडवतात तेही लिंडग्रेनच्याच बालगुप्तहेरावरून.

ब्लूमक्विस्टवर सगळ्याच बायका का भाळतात?

याचं समर्थन मी करणार नाही. संपादक एरिका, बेटावरची सेसिलिया, मग लिस्बेथ. लेखकाने स्वतःच्या व्यवसायातल्या माणसावर फारच माया केली आहे. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूने: तो कोणत्याही बाईला तिच्या भूतकाळाबद्दल खोदून विचारत नाही आणि ‘नाही’ म्हटलं की थांबतो. या कादंबरीत तेवढं करणारे पुरुष कमीच आहेत.

एवढ्या काळोखात तपासाची गंमत उरते का?

उरते, आणि फार सुंदर उरते. मला सगळ्यात आवडलेला भाग रक्तपाताचा नाही, फोटोंचा आहे. हॅरिएट नाहीशी झाली त्या दिवशी गावात मुलांच्या उत्सवाची मिरवणूक होती. स्थानिक वर्तमानपत्राच्या फोटोग्राफरने रीळभर फोटो काढले, त्यातले मोजके छापले. ब्लूमक्विस्ट उरलेल्या निगेटिव्ह शोधून काढतो आणि एकामागून एक लावून पाहतो. गर्दीत हॅरिएट उभी आहे. आधी मिरवणूक पाहते आहे. मग पुढच्या एका फोटोत तिची मान वळलेली, नजर रस्त्यापलीकडे कशावर तरी खिळलेली. चेहरा बदललेला.

ती काय पाहत होती? फोटोग्राफरने त्या बाजूला कॅमेरा वळवलाच नाही. पण फोटोत एक तरुण जोडपं आहे आणि त्यातल्या मुलीच्या हातात कॅमेरा आहे. ती ज्या दिशेने फोटो काढते आहे तिकडेच हॅरिएट पाहत होती. म्हणजे 1966 मध्ये कोणा अनोळखी मुलीने सहज काढलेला एक फोटो कुठल्यातरी घरातल्या अल्बममध्ये असू शकतो. गाडीवरची अर्धवट अक्षरं लावत लावत ब्लूमक्विस्ट उत्तरेला नॉर्शोकडे निघतो. लार्सनचं बालपण आजीआजोबांकडे त्याच भागात गेलं. तिथल्या लाकडी घरांचं आणि अबोल माणसांचं वर्णन तो नकाशा न पाहता लिहितोय हे जाणवतं.

सिनेमा पाहिला तर चालेल का?

2009 चा स्वीडिश सिनेमा पाहा, नूमी रापासची लिस्बेथ विसरता येत नाही. डेव्हिड फिंचरचा 2011 चा अमेरिकी सिनेमा देखणा आहे, त्याच्या संकलनाला ऑस्करही मिळालं. भारतात मात्र तो चित्रपटगृहांत लागलाच नाही. सेन्सॉर बोर्डाने आहे तसा दाखवायला नकार दिला, आणि काटछाट करायची नाही म्हणून वितरकांनी तो प्रदर्शितच केला नाही. कोणताही पाहा, पण पुस्तकानंतर. भागांच्या तोंडावरचे ते आकडे आणि पालकाच्या कागदपत्रांचा सगळा जाच सिनेमात मावत नाही.

पुढचे भाग वाचू का?

लार्सनचे तिन्ही वाचा. लिस्बेथची फाइल का आणि कोणी तयार केली याचं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या भागात आहे. तिसऱ्यातला कोर्टाचा प्रसंग तर माझा फार आवडता. नंतरचे भाग आधी डेव्हिड लागेरक्रान्ट्झ आणि पुढे कारिन स्मिर्नोफ यांनी लिहिले. मी लार्सनपाशी थांबते.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्यावं का?

तिला आधी वर सांगितलेले प्रसंग सांगा आणि ठरवू द्या. शाळेतल्या मुलांना नको.

(शेवट वाचून झालेल्यांसाठीच.) ब्लूमक्विस्टने गप्प बसायला नको होतं, असं मला वाटतं. तुम्हाला?

मलाही. आणि या कादंबरीत मला खरा त्रास याच गोष्टीचा झाला, अत्याचाराच्या प्रसंगांपेक्षाही जास्त.

खुनी कोण हे कळतं, तो मरतो, आणि मग ब्लूमक्विस्टपुढे प्रश्न येतो: छापायचं की नाही? छापलं तर वँगर कंपनी कोसळेल, हजारोंच्या नोकऱ्या जातील. त्याहून मोठं म्हणजे, जी बाई या सगळ्यातून जिवंत सुटली तिची सगळी व्यथा जगासमोर उघडी पडेल. लिस्बेथचा मुद्दा हाच असतो, आणि तो हलका नाही. जिच्यावर अत्याचार झाला तिचं आयुष्य चघळायला द्यायचा हक्क पत्रकाराला कोणी दिला? ज्यांच्या बाबतीत असं घडलं आहे त्या घरांना विचारा, बातमी येणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच सोसणं असतं.

लिस्बेथ अटी घालते. खुन्याने काढलेले फोटो नष्ट करायचे. मारल्या गेलेल्या बायका कोण हे जितकं शोधता येईल तितकं शोधून त्यांच्या घरच्यांना भरपाई द्यायची. आणि कंपनीने बायकांच्या आधारगृहांच्या संघटनेला दरवर्षी वीस लाख क्रोनर द्यायचे. तिच्या जागेवरून पाहिलं तर हा न्याय आहे. पोलीस आणि कोर्ट यांच्याकडून तिला काहीही मिळालेलं नाही, म्हणून जे हाताला लागेल ते ती वसूल करते.

ब्लूमक्विस्टचं तसं नाही. तो पत्रकार आहे. पुराव्याअभावी तुरुंगात गेलेला, ‘सत्य छापायचं’ हा एकच धर्म मानणारा. व्हेनरस्ट्रॉमचं प्रकरण तो शेवटी फोडतो, इंचभरही मागे हटत नाही, आणि वाचक टाळ्या वाजवतो. पण तळघरात मेलेल्या बायकांचं तो छापत नाही. त्यातल्या कितीतरी परदेशातून आलेल्या, एकट्या, कोणी चौकशी न केलेल्या. कुठेतरी एखादी आई आजही मुलगी कामाला गेली आणि फोन करत नाही म्हणून रागावून बसलेली असेल. तिला काय सांगितलं जातं हे आपल्याला कादंबरीत दिसत नाही.

लार्सनला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. ब्लूमक्विस्टला या निर्णयाची टोचणी लागते, ती त्याने लिहिली आहे. आणि पुस्तकाची मांडणी पाहा. हे सगळं घडतं त्या चौथ्या भागाच्या तोंडावर त्याने छापलेला आकडा असा आहे: लैंगिक अत्याचार झालेल्या 92 टक्के बायकांनी अगदी अलीकडचा प्रसंगही पोलिसांत नोंदवलेला नाही. त्याच्या पुढच्या पानांत ब्लूमक्विस्ट, लिस्बेथ आणि कंपनीचा वकील मिळून तळघरातल्या त्या बायकांचीही नोंद होऊ देत नाहीत.